पुलावरचे चार घोडे

पूल ही वस्तु अशी आहे कीं, ज्यांच्यासाठीं ती बांधलेली असते त्यांचेंच तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष असतें. पलीकडच्या तीरावर कांहीं तरी काम असतें, म्हणून मनुष्य पुलावर पाय ठेवतो. आणि पाय ठेवतांच त्याचें मन पलीकडे पोंचलेलें असतें. देवळापुढें आपण थांबतों, राजवाड्यासाठीं तिकीट काढतों, पदार्थसंग्रहालयांत तर पायांना रग लागेपर्यंत हिंडतों. पण पुलावर कोणी रेंगाळूं लागला, तर लोक त्याच्याकडे संशयानेंच पाहतात. अशा ठिकाणीं आपल्या उमेदीच्या वीस वर्षांची कमाई मांडून ठेवावयाची, हें धाडस करणारा कलावंत एक तर फार भोळा असला पाहिजे, नाहीं तर आपल्या कलेविषयीं त्याची फारच खात्री असली पाहिजे. सेंट पीटर्सबर्ग शहरांतील आनिच्कोव्ह पुलाशीं ज्याचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे, तो प्योत्र कार्लोविच क्लोद्त मला दोन्ही प्रकारचा वाटत आला आहे.

नेव्स्की हा त्या शहराचा राजरस्ता. तो फोंतान्का नदी ओलांडतो त्या ठिकाणीं 1715 सालीं पहिला लांकडी पूल झाला. तो बांधणाऱ्या पलटणीच्या अधिकाऱ्याचें नांव आनिच्कोव्ह. तेंच पुलाला चिकटलें. आजचा तीन कमानींचा पूल 1841 चा. त्याची लांबी सुमारें 55 मीटर आणि रुंदी सुमारें 38 मीटर. म्हणजे पूल इतका आंखूड आणि इतका रुंद कीं, खालीं पाणी दिसलें नाहीं तर आपण पुलावर आहोंत हें ध्यानांतही येऊं नये. कठड्यांच्या ओतीव जाळींत मत्स्यकन्या आणि समुद्रांतले घोडे आहेत. तो नमुना बर्लिनच्या शिंकेल या वास्तुशिल्पज्ञाचा. परंतु कठड्यांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. कारण पुलाच्या चारी कोंपऱ्यांवर, ग्रॅनाइटच्या चौथऱ्यांवर, कांशाचे चार घोडे मागच्या पायांवर उभे राहिलेले आहेत, आणि प्रत्येकाजवळ एकेक उघडाबोडका तरुण त्याला आवरूं पाहतो आहे. त्या तरुणांस नांव नाहीं. ते कोणत्याही लढाईचे वीर नव्हेत, कोणत्याही देशाचे राजे नव्हेत. घोडा आणि मनुष्य एवढाच मामला.

हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, जगांतले बहुतेक घोड्यांचे पुतळे वस्तुतः घोड्यांचे नसतातच. घोडा हें तेथें सिंहासन असतें. वरच्या स्वारास उंची यावी, त्याच्या मुद्रेंत नसलेला आवेश त्याच्या वाहनांत तरी दिसावा, एवढ्यासाठीं त्या जनावराची योजना झालेली असते. लोकांची दृष्टि मात्र राजांस वाटते तितकी आज्ञाधारक नाहीं. आपल्या मुंबईचाच दाखला घ्या. 1879 सालीं अल्बर्ट ससून यांनीं प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा शहरास अर्पण केला. बोएम या नामांकित शिल्पकाराची ती कृति. पण मुंबईकरांनीं त्या जागेस राजपुत्राचें नांव न देतां ‘काळा घोडा’ म्हणावयास आरंभ केला! 1965 सालीं पुतळा तेथून हलला आणि राणीच्या बागेंत गेला; नांव जेथल्या तेथें राहिलें. शेवटीं 2017 सालीं तेथें पुन्हां एक घोडा उभा राहिला, तो स्वाराशिवाय. लोकांनीं शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं आपल्या बोलींत जो निकाल दिला होता, त्याची ही अंमलबजावणीच म्हणावयाची. क्लोद्तनें मात्र पहिल्यापासूनच स्वारास रजा दिली होती.

या क्लोद्तचें चरित्र शिक्षकाच्या पेशांतल्या माणसास थोडें अस्वस्थ करणारें आहे. त्याचा जन्म 1805 सालीं पीटर्सबर्ग येथेंच झाला. पण बाळपण गेलें सैबेरियांतल्या ओम्स्कला, जेथें त्याचे वडील सेनापति म्हणून नेमले गेले होते. घराणें सरदारी, पैसा बेताचा. या मुलास घोड्यांचें वेड. तो घोडे पाही, घोडे चितारी, लांकडांत घोडे कोरी. पुढें तोफखान्याच्या शाळेंत गेला, अधिकारी झाला. पण तोफांत मन रमेना, तेव्हां नोकरी सोडून दिली आणि लांकडी घोडे कोरून विकण्यावर पोट भरूं लागला. पंचविशीच्या सुमारास तो कला-अकादमीच्या वर्गांत जाऊन बसूं लागला, तोही नियमित विद्यार्थी म्हणून नव्हे, तर नुसता श्रोता म्हणून. पुढें नार्व्हा दरवाजावरील विजयरथाचे सहा घोडे त्यानें केले, आणि 1838 सालीं ज्या अकादमीच्या वर्गांत तो पाहुण्यासारखा बसला होता, तिनेंच त्यास सन्मानानें सभासद करून घेतलें. तिच्या ओतशाळेचा कारभारही त्याच्याकडे आला. म्हणजे मेणांत घोडा घडविणारे हात आणि कढत धातु सांच्यांत सोडणारे हात एकाच मनुष्याचे झाले. असा योग कलेच्या इतिहासांत फार वेळां येत नाहीं.

त्यास खरें शिक्षण दिलें तें तबेल्यानें. घोडा समोर उभा करून, कधीं त्यास मागच्या पायांवर उभा करवून, तो तासन्‌तास पाहत असे. म्हणूनच त्या पुलावरच्या घोड्यांच्या मांड्यांवरील शिरा, फुगलेल्या नाकपुड्या, पोटाखालचा ताणलेला पन्हाळ, या गोष्टी पुस्तकांतून आलेल्या वाटत नाहींत. आणखी एक गंमत. चौघांपैकीं अॅडमिरल्टीच्या दिशेस तोंड केलेल्या दोन घोड्यांच्या खुरांना नाल आहेत. दुसऱ्या दोघांच्या खुरांना नाहींत. येणाराजाणारा शंभर वेळां त्यांच्या खालून जाईल, पण खुराच्या तळव्याकडे कोण पाहतो?

मीं पाहिलें. कांहीं वर्षांपूर्वीं एका परिषदेच्या निमित्तानें त्या शहरीं चार दिवस राहण्याचा योग आला, तेव्हां माझी नजर पहिल्यानें गेली ती खुरांकडे. त्यांत माझी रसिकता मुळींच नव्हती. माझे वडील मिरजेस टांगा हांकीत असत. टांगेवाल्याच्या घरांत मुलास अक्षरओळख होण्यापूर्वीं नालांची ओळख होते. आमच्या पाखऱ्याचा नाल सैल झाला आहे कीं काय, हें अण्णा त्याच्या टापांच्या आवाजावरून घरांत बसल्याबसल्या सांगत. तें ज्ञान त्यांनीं कोठून मिळविलें, हें त्यांस विचारलें असतें तर त्यांना प्रश्नच समजला नसता. घोड्याच्या समोर उभें राहावयाचें नाहीं, खांद्याशीं राहावयाचें. त्याच्या तोंडाकडे पाहावयाचें नाहीं, कानांकडे पाहावयाचें. आणि “लगाम ओढायचा नसतो, बाळ, नुसता हातांत ठेवायचा असतो,” हा त्यांचा सारा अलंकारशास्त्राचा ग्रंथ. मी पुढें इंग्रजी वाङ्मय शिकलों, तीस वर्षें तेंच शिकवीत आलों, आणि वाक्यास लगाम घालण्याच्या गोष्टी वर्गांत पुष्कळ बोललों. परंतु अण्णांच्या त्या वाक्याहून नेमकें असें कांहीं माझ्या हातून सांगितलें गेलें असेल असें वाटत नाहीं.

पण मी क्लोद्तच्या घोड्यांची हकीकत अर्ध्यावर सोडली. 1841 च्या नोव्हेंबरांत पूल रहदारीस खुला झाला, तेव्हां पश्चिमेच्या बाजूस कांशाचीं दोन शिल्पें होतीं. एकांत तरुण घोड्याच्या बाजूनें चालतो आहे. दुसऱ्यांत त्यानें लगामाला हात घातला आहे. पूर्वेच्या बाजूस याच दोन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रति कांशाचा रंग देऊन तात्पुरत्या बसविल्या होत्या. त्यांच्या जागीं बसावयाचे कांशाचे घोडे ओतून तयार होतात न होतात तोंच झार निकोलसनें 1842 सालीं ते प्रशियाच्या राजास भेट म्हणून बर्लिनला धाडले. क्लोद्तनें पुन्हां ओतले. ते पुलावर कांहीं काळ उभे राहिले, आणि 1846 सालीं तेही खालीं उतरवून नेपल्सच्या राजाकडे रवाना झाले. राजांचीं औदार्यें अशींच असतात. देणारा एक, श्रम दुसऱ्याचे, आणि ओकें पडतें तें तिसऱ्याचें घर. नेपल्सचे घोडे तेथील राजवाड्याच्या बागेच्या दाराशीं उभे आहेत. बर्लिनचे घोडे आधीं राजवाड्यापुढें होते, दुसऱ्या महायुद्धानंतर ते क्लाइस्ट उद्यानांत गेले. बर्लिनच्या लोकांनीं त्या जोडीस टोपणनांवें दिलीं होतीं. आवरून धरलेल्या घोड्यास ते ‘अडविलेली प्रगति’ म्हणत आणि दुसऱ्यास ‘पुढें ढकललेली पिछेहाट’. त्या काळच्या प्रशियाच्या राज्यकारभारावर याहून नेटकी टीका वर्तमानपत्रांतूनही कोणी केली नसेल. आणि पुतळ्यावर खटला भरतां येत नाहीं ही त्यांतली सोय.

इकडे पुलाची पूर्वबाजू पुन्हां प्लास्टरवर आली. सांचे तयार होते, भट्टी ताब्यांत होती, हात बसलेला होता. तिसऱ्यांदा त्याच प्रति ओतावयास क्लोद्तला काय अवघड होतें? पण त्यानें तें केलें नाहीं. त्यानें दोन अगदीं नवीं शिल्पें रचलीं, आणि 1850 सालीं तीं बसल्यावर पुलाचें काम एकदाचें पुरें झालें. या नव्या जोडींत एका ठिकाणीं तरुण गुडघ्यावर आला आहे. दुसऱ्या ठिकाणीं तर घोड्यानें त्यास सपशेल जमिनीवर पाडलें आहे.

मार्गदर्शकांच्या पुस्तकांत या चारी शिल्पांची एक साखळी लावून दिलेली असते. मनुष्य पडतो, सांवरतो, लगाम पकडतो, आणि शेवटीं घोड्यास आपल्याबरोबर चालवूं लागतो. तात्पर्य, निसर्गाच्या अंध शक्तीवर मानवी इच्छेचा विजय. साखळी सुबक आहे, यांत शंका नाहीं. पण तीं शिल्पें या क्रमानें जन्मलीं नाहींत. चालणारा तरुण आधींचा, पडलेला नंतरचा. छत्तिसाव्या वर्षीं कलावंतानें विजय दाखविला आणि पंचेचाळिसाव्या वर्षीं पतन दाखविलें. मधल्या नऊ वर्षांत राजांनीं त्याचे घोडे दोनदां वाटून टाकले होते. कलेच्या दृष्टीनें तीच त्यांची मोठी कृपा ठरली. कारण त्यांनीं पूर्वेचे चौथरे रिकामे केले नसते, तर विजयाचींच दोन चित्रें समोरासमोर दोनदां उभीं राहिलीं असतीं, आणि हा पूल शोभिवंत झाला असता. यापलीकडे कांहीं झाला नसता.

त्या पडलेल्या तरुणापुढें मी बराच वेळ उभा होतों. ‘पराभव’, ‘पहिली पायरी’ असे शब्द त्याच्याविषयीं मीं वाचले होते. ते मला तेथें लागू पडेनात. मी दहा वर्षांचा असतांना मिरज स्टेशनाच्या आवारांत पाखऱ्या उधळला होता. इंजिनाची शिटी अगदीं जवळ वाजली, आणि एरवीं गरीब असलेलें तें जनावर मागच्या पायांवर उभें राहिलें. अण्णा सामान चढविण्यासाठीं खालीं उतरले होते. टाग्यांत एक बाई तान्हें मूल घेऊन बसली होती. अण्णांनीं लगामाला हात घातला, तोंच घोड्यानें त्यांना खालीं ओढलें. पंधरावीस हात ते त्या खडीवरून फरफटत गेले, पण मूठ सुटली नाहीं. पुढें एका झाडाशीं घोडा थांबला. बाई उतरली, मूल रडूं लागलें, लोक जमले. कोणी तरी म्हणालें, “घोड्यानं पाडला कीं हो टांगेवाल्याला!” त्या दिवसापासून अण्णांचा उजवा हात खांद्याच्या वर कधीं गेला नाहीं. त्याच संध्याकाळीं त्यांनीं डाव्या हातानें पाखऱ्यास खरारा केला, तोबरा बांधला, आणि अंधार पडेपर्यंत त्याच्या मानेवरून हात फिरवीत बसले. घोड्यास त्यांनीं शिवी दिली नाहीं. झाल्या प्रकाराविषयीं पुढें ते कधीं बोललेही नाहींत.

त्या वेळीं कोण जिंकलें आणि कोण हरलें? हा प्रश्नच तेथें लागू नव्हता. अण्णांस पाखऱ्यावर विजय मिळवावयाचा नव्हता. त्याच्या पायांखालीं आणि त्याच्या मागें जें होतें, तें त्यांना वांचवावयाचें होतें. घोड्यालाही त्यांच्याशीं वैर नव्हतें. तो भ्यालेला होता. क्लोद्तचा पडलेला तरुण पाहतांना मला प्रथम दिसली ती त्याची मूठ. अंग जमिनीवर गेलें आहे, वर टापा उचललेल्या आहेत, जीव वांचवावयाचा तर हातांतला पट्टा सोडून बाजूस लोळणें हाच शहाणपणाचा मार्ग; आणि तो मनुष्य पट्टा सोडीत नाहीं. हें पतन खरें; पण तें पराभवाचें चित्र कसें म्हणावें? पश्चिमेचे तरुण उभे आहेत, म्हणून त्यांची पकड आपणांस स्वाभाविक वाटते. पकड म्हणजे काय हें आपणांस शिकवितो तो पूर्वेकडचा, पडलेला.

माझ्या धंद्यांतल्या माणसास यांतून एक बोचणारा विचार सुचतो. आम्ही विद्यार्थ्यांस जें देतों, तें बहुधा पश्चिमेच्या बाजूचें असतें. कवि पार पडला, सेनापति जिंकला, शास्त्रज्ञास शोध लागला, अशा उभ्या माणसांचींच चरित्रें आमच्या पाठ्यपुस्तकांत असतात. परीक्षेचा सगळा कारभारच असा कीं, पडलेल्यानें लगाम सोडला होता कीं नव्हता, हें गुणपत्रिकेवर कोठेंच दिसूं नये. दरवर्षीं जूनमध्यें निकालाचा कागद घेऊन कांहीं मुलें माझ्यापुढें उभीं राहतात. त्यांचे आकडे सारखे असतात. पण कोणाची मूठ उघडी आहे आणि कोणाची मिटलेली, हें पाहावयास मला अकादमीनें शिकविलें नाहीं. जें थोडेंबहुत पाहतां येतें, तें तबेल्यांतलें.

क्लोद्तच्या पुढल्या आयुष्यांत शेवटीं राजा घोड्यावर बसलाच. निकोलस वारल्यावर त्याच्या अश्वारूढ पुतळ्याचें काम क्लोद्तकडे आलें. पहिलें ओतकाम फसलें. दुसरें साधलें, आणि 1859 सालीं सेंट आयझॅकच्या चौकांत पुतळा उभा राहिला. त्यांतला घोडा केवळ मागच्या दोन पायांवर तोललेला आहे. त्याच शहरांत फाल्कोनेनें 1782 सालीं पीटर दि ग्रेटचा जो विख्यात पुतळा केला, त्याच्या घोड्यास शेपटीशीं सर्पाचा आधार द्यावा लागला होता. क्लोद्तनें तोही घेतला नाहीं. 1917 नंतर झारांचे कितीएक पुतळे खालीं आले. निकोलस हा कांहीं क्रांतिकारकांचा लाडका नव्हता. तरी तो अद्याप जागच्या जागीं आहे. त्याला घोड्यानें तारलें, असें तेथील लोक सांगतात. आणि काळ्या घोड्याच्या गांवच्या माणसास तें पटावयास जड जात नाहीं. स्वतः क्लोद्त 1867 सालीं फिनलंडमधील आपल्या घरीं वारला. नातीसाठीं कागदाचा घोडा कातरीत असतांनाच त्यास मृत्यु आला, असें सांगतात.

पुलावरचे घोडे आणखी एका प्रसंगांतून गेले. 1941 च्या सप्टेंबरांत जर्मन सैन्यानें त्या शहरास वेढा घातला. तो 1944 च्या जानेवारींत उठला. त्या काळांत शहराचें नांव लेनिनग्राड होतें. जुनें नांव त्यास 1991 सालीं परत मिळालें. वेढ्याच्या आरंभींच लोकांनीं चारी शिल्पें चौथऱ्यांवरून उतरविलीं, आणि शेजारच्या आनिच्कोव्ह राजवाड्याच्या बागेंत खड्डे खणून पुरून ठेवलीं. ज्या शहरांत त्या हिवाळ्यांत भाकरीचे तुकडे तोलून मिळत होते आणि माणसें रस्त्यांत कोसळत होतीं, त्यानें हे श्रम कां करावे? कोणी म्हणेल, ही कलेची भक्ति. मला वाटतें, तीच मूठ. सर्व कांहीं हातचें जात असतां मनुष्य एखादी वस्तु घट्ट धरून ठेवतो, ती बहुधा तिच्या किंमतीसाठीं नव्हे. ती सोडली तर आपण कोण उरूं, या प्रश्नाच्या भीतीनें. 1945 सालीं घोडे उकरून काढले आणि पुन्हां आपापल्या कोंपऱ्यांवर चढविले.

ते स्वच्छ झाले, डागडुजी झाली. 2003 सालच्या शहराच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवापूर्वींही पुन्हां एकदां झाली. पण एका चौथऱ्याच्या ग्रॅनाइटवर तोफगोळ्यानें पडलेल्या खांचा कोणी बुजविल्या नाहींत. त्यांच्याजवळ लहानशी पाटी आहे. शत्रूनें 1941 ते 1944 या काळांत या शहरावर एकंदर 148478 गोळे टाकले, त्यांपैकीं एकाची ही खूण, एवढाच तिचा आशय. तीवर शोक नाहीं, शाप नाहीं, विजयाची घोषणाही नाहीं. केवळ मोजदाद आहे. वर कांशाचा घोडा उधळलेला आहे, त्याचा लगाम धरणारा हात अजून सुटलेला नाहीं, आणि त्याच्या खालून, पलीकडे कामें असलेलीं माणसें रोजच्यासारखीं वर न पाहतां जात आहेत.